रॅम ईसीसी आहे खरी, पण ती काम करते आहे का? लिनक्सवर खात्री करण्याची रीत

नाशिकच्या अंबड किंवा सातपूरमधल्या एखाद्या वर्कशॉपमधला साधा डेस्कटॉप डोळ्यांसमोर आणा. सीएनसी मशिनचे प्रोग्रॅम त्यावर तयार होतात आणि तिथूनच मशिनला जातात. अशा फाइलमधला इंग्रजी १ हा आकडा मेमरीत ००११०००१ असा आठ बिटांत बसलेला असतो. त्यातला एकच बिट उलटला की ००१११००१ होतं, म्हणजे ९. प्रोग्रॅममध्ये एक्स या अक्षापुढे १२.५ लिहिलं होतं, तिथे ९२.५ आलं. एरर येत नाही, पीसी अडकत नाही, फाइल शांतपणे सेव्ह होते आणि बॅकअपमध्येही तशीच चुकीची जाते. ईसीसी (एरर करेक्टिंग कोड) मेमरी ही चूक जागच्या जागी पकडते आणि दुरुस्त करते.

त्यामागचा हिशोब साधा आहे. दर ६४ बिट डेटामागे ८ बिट तपासणीसाठी ठेवायचे, म्हणजे एकूण ७२. एक बिट बिघडला तर तो कोणता हे या आठांवरून कळतं आणि तो सुधारता येतो. दोन बिघडले तर सुधारता येत नाहीत, पण बिघाड झाल्याचं नक्की कळतं. मुळातली कल्पना गणितज्ञ रिचर्ड हॅमिंग यांची, १९५० सालची. मेमरीच्या चुका प्रत्यक्षात किती होतात याचा गूगलच्या सर्व्हरवर मोठा अभ्यास झाला आणि तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभरात जवळपास एक तृतीयांश मशिनमध्ये आणि ८ टक्क्यांहून अधिक मेमरी मॉड्यूलमध्ये (रॅमच्या पट्ट्यांमध्ये) किमान एक दुरुस्त झालेली चूक त्यांना आढळली. घरच्या पीसीला हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण 'असं कधी होतच नाही' हा समज मात्र सोडून द्यावा. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या कामाच्या मशिनमधली रॅम ऑक्टोबर २०२२ मध्ये, कर्नलच्या (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या) ६.१ आवृत्तीच्या ऐन धांदलीत बिघडली होती, आणि ती ईसीसी नव्हती.

'माझा पीसी ईसीसी सपोर्ट करतो' या वाक्यात खरं तर पाच वेगवेगळे दावे असतात. रॅमची पट्टी ईसीसीची आहे. मदरबोर्डवर त्या जादा आठ बिटांच्या वायरी टाकलेल्या आहेत. प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर त्या वापरू शकतो. बायोसने, म्हणजे पीसी सुरू होताना आधी चालणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्रॅमने, ती सोय चालू ठेवली आहे. आणि चूक झाली तर लिनक्सच्या कर्नलपर्यंत ती खबर पोहोचते. पहिले चार जुळले आणि पाचवा तुटला, तर रॅम हळूहळू मरत असताना तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणून खोक्यावरचा शब्द किंवा दुकानदाराचा शब्द पुरावा धरू नका. कर्नलने दिलेली नोंद हाच पुरावा.

पेटी उघडण्याआधी आणि उघडल्यावर

आधी पट्टी पाहा. डीडीआर४ च्या साध्या पट्टीवर एका बाजूला ८ काळ्या चिप असतात, ईसीसीवर ९. दोन्ही बाजू भरलेल्या असतील तर १६ ऐवजी १८. डीडीआर५ मध्ये ८ च्या जागी बहुधा १० दिसतात, कारण एकाच पट्टीत ३२ बिटांचे दोन स्वतंत्र भाग असतात आणि प्रत्येकाला आपापले तपासणीचे बिट लागतात. वर हीटसिंक चिकटवलेला असेल तर तो ओढून काढू नका, चिपही सोबत उखडते. त्याऐवजी लेबल वाचा. 'पीसी४-२६६६व्ही' अशा मजकुरानंतर डॅश आणि एक अक्षर येतं. ई असेल तर ईसीसीची अनबफर्ड (डेस्कटॉपला चालणारी) पट्टी, यू असेल तर साधी, आर असेल तर रजिस्टर्ड, म्हणजे सर्व्हरसाठीची.

त्या आरपाशी अनेकांचे पैसे बुडतात. जुन्या सर्व्हरमधून निघालेली रॅम स्वस्तात मिळते, ती ईसीसी असते, पण बहुतेक वेळा रजिस्टर्ड असते. डीडीआर४ मध्ये ती डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये अगदी नीट बसते, दोघांच्या पिना २८८ च. पण पीसी सुरू होत नाही. एमजी रोडवर किंवा ऑनलाइन मागताना 'सर्व्हरची रॅम द्या' असं म्हणू नका, नेमकी ही पट्टी हातात पडेल. 'अनबफर्ड ईसीसी' असे दोन्ही शब्द वापरा आणि पैसे देण्याआधी लेबलचा फोटो मागवा. ही रॅम साध्या दुकानात शेल्फवर क्वचितच असते, बहुधा ऑर्डर देऊन मागवावी लागते. म्हणजे परत करण्याची अट काय आहे, तेही आधीच बोलून घ्या.

प्रोसेसरच्या बाबतीत एएमडी आणि इंटेलची चाल वेगळी आहे. एएमडीच्या एएम४ सॉकेटवरच्या, आत ग्राफिक्स नसलेल्या रायझन प्रोसेसरमध्ये ईसीसीची क्षमता आहे. मात्र ५६००जी सारख्या, नावाअखेर जी असलेल्या आणि आत ग्राफिक्स असलेल्या एएम४ प्रोसेसरमध्ये ती फक्त 'प्रो' प्रकारात मिळते. ३६०० वर ईसीसी चालत होती म्हणून ५६००जी टाकला, बोर्ड तोच आणि रॅमही तीच, तर ईसीसी गुपचूप बंद होते. पीसी मात्र नेहमीसारखा चालत राहतो.

इंटेलमध्ये चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) आडवा येतो. बऱ्याच पिढ्या डेस्कटॉपच्या आय५, आय७, आय९ मध्ये ईसीसी नव्हती. ती झिऑन या सर्व्हर-वर्कस्टेशनच्या प्रोसेसरमध्ये होती, आणि गंमत म्हणजे आय३-८१००, आय३-९१०० अशा काही स्वस्त प्रोसेसरमध्येही होती. बाराव्या पिढीपासून बऱ्याच आय५, आय७, आय९ मध्ये ती आली, पण बोर्डावर डब्ल्यू६८० सारखा वर्कस्टेशनचा चिपसेट हवा. बी६६० किंवा झेड६९० च्या बोर्डावर तोच प्रोसेसर लावला तर ईसीसी नाही.

बोर्डाचं मॅन्युअल वाचताना एका वाक्यावर बोट ठेवा. 'ईसीसी अनबफर्ड मेमरी चालते' असं लिहून पुढे 'नॉन-ईसीसी मोडमध्ये' असं जोडलेलं असतं. याचा अर्थ पट्टी लागेल, पीसी चालेल, पण तपासणीचे आठ बिट कोणी वाचणार नाही. अशा बोर्डावर ईसीसीचे जादा पैसे घालवू नका.

आता टर्मिनल

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत द्यायच्या. जिथे स्पेलिंगचा घोळ होईल तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत. डॅश, उभी रेघ आणि खालची रेघ (अंडरस्कोर) आहे तशीच टाकायची.

पहिली आज्ञा:

सुडो डीएमआयडीकोड -टी मेमरी

(सुडो म्हणजे एस-यू-डी-ओ. डीएमआयडीकोड एका दमात, मध्ये जागा न सोडता.) सुडो नसेल तर ही आज्ञा माहिती देत नाही. उत्तर लांबलचक येतं, त्यातल्या तीनच ओळी कामाच्या. सुरुवातीला 'एरर करेक्शन टाइप' असते. तिथे 'नन' असेल तर बायोसच्या मते ईसीसी नाही. 'सिंगल-बिट ईसीसी' किंवा 'मल्टी-बिट ईसीसी' असेल तर बायोसच्या मते आहे. रायझनवर बहुधा 'मल्टी-बिट' दिसतं. त्यावरून दोन-दोन बिट दुरुस्त होतात असा अर्थ काढू नका.

पुढे प्रत्येक स्लॉटसाठी 'टोटल विड्थ' आणि 'डेटा विड्थ' येतात. ७२ आणि ६४ असेल तर ईसीसीची पट्टी, दोन्हीकडे ६४ असेल तर साधी. डीडीआर५ च्या ईसीसी पट्टीवर टोटल ८० किंवा ७२ दिसू शकतं. रिकाम्या स्लॉटपुढे 'अननोन' येतं, त्याने दचकू नका. काही बोर्डांचे बायोस इथे १२८ सारखा निरर्थक आकडाही टाकतात.

आणि अडचण इथेच आहे. डीएमआयडीकोड हार्डवेअर तपासत नाही. बायोसने चालू होताना लिहून ठेवलेला तक्ता ते वाचून दाखवतं, आणि तक्ता लिहिणारा चुकला तर तेही चुकतं. ७२ दिसलं म्हणजे पट्टी ईसीसीची असल्याची बऱ्यापैकी खात्री, एवढंच. एलएसएचडब्ल्यू नावाचं साधनही बरेच जण वापरतात. मेमरीबद्दल तेही बराचसा हाच तक्ता वाचतं, त्यामुळे दोघांचं उत्तर जुळलं तर तो दुसरा साक्षीदार मानू नका.

डीडीआर५ बद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. 'डीडीआर५ मध्ये ईसीसी असतेच' असं सर्रास सांगितलं जातं. जी असते ती चिपच्या आतली. चिपच्या पोटात बिघडलेला बिट ती तिथेच सुधारते, पण चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर तिचं संरक्षण नसतं. काय सुधारलं हेही ती लिनक्सला सांगत नाही. टोटल विड्थ ६४ असेल तर ती साधीच रॅम.

खरा पुरावा: एडॅक

कर्नलमध्ये मेमरीच्या चुका टिपणारा एक विभाग आहे, त्याचं नाव एडॅक (ई-डी-ए-सी). त्याला काय दिसलं ते विचारा:

सुडो डीमेसेज | ग्रेप -आय एडॅक

(इथे 'डीमेसेज' म्हणजे डी-एम-ई-एस-जी, आणि ग्रेप म्हणजे जी-आर-ई-पी.) उबुंटूत २०.१० पासून ही आज्ञाही सुडोशिवाय चालत नाही. पीसी बरेच दिवस चालू असेल तर सुरुवातीच्या ओळी पुसल्या गेलेल्या असतात. तेव्हा 'जर्नलसीटीएल -के' वापरा.

रायझनवर सगळं जुळलेलं असेल तर 'एमसी० : गिव्हिंग आउट डिव्हाइस' अशा अर्थाची ओळ येते आणि तिच्यात एएमडी६४_एडॅक हे नाव असतं. मेमरी कंट्रोलर ताब्यात आला, असा तिचा अर्थ. बऱ्याच कर्नलमध्ये 'डीरॅम ईसीसी एनेबल्ड' असंही स्पष्ट लिहून येतं. 'डीरॅम ईसीसी डिसेबल्ड' आलं तर कुठली तरी कडी तुटलेली आहे. इंटेलच्या डेस्कटॉप प्रकारच्या झिऑनवर आयई३१२००_एडॅक हे मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा प्रोग्रॅमचा तुकडा) शोधा.

काहीच आलं नाही तर घाबरण्याआधी मॉड्यूल हाताने चढवून पाहा:

सुडो मॉडप्रोब एएमडी६४_एडॅक

'नो सच डिव्हाइस' असं उत्तर आलं तर दोन शक्यता. एक तर ईसीसी बंद आहे, नाही तर प्रोसेसर नवा आणि कर्नल जुना आहे. पुन्हा डीमेसेज पाहा. 'डिसेबल्ड'ची ओळ असेल तर पहिली शक्यता. एक ओळही नसेल तर नव्या उबुंटूचा किंवा फेडोराचा लाइव्ह पेनड्राइव्ह (इन्स्टॉल न करता त्यावरूनच लिनक्स चालवणारा) लावून तीच तपासणी करा. नव्या प्रोसेसरची ओळख एडॅकला पुढच्या कर्नलांतून होत जाते, त्यामुळे हा प्रकार नव्या मशिनवर नेहमी घडतो.

मॉड्यूल चढलं की मोजणीची फाइल उघडते:

ग्रेप . /सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/एडॅक/एमसी/एमसी०/*_काउंट

(सिस म्हणजे एस-वाय-एस. ग्रेपनंतरचा टिंब विसरू नका.) सीई_काउंट म्हणजे दुरुस्त झालेल्या चुका, यूई_काउंट म्हणजे दुरुस्त न झालेल्या. दोन्हीकडे शून्य हवं. एमसी० हे फोल्डरच नसेल तर त्या क्षणी तुमच्या मेमरीवर कोणाचंही लक्ष नाही. आत रँक० (आर-ए-एन-के) किंवा डीआयएमएम० सारखी फोल्डर दिसतील. त्यांतल्या डीआयएमएम_एडॅक_मोड या फाइलमध्ये एसईसीडीईडी लिहिलेलं असेल तर एक बिट दुरुस्त, दोन बिट ओळखणारी व्यवस्था चालू आहे. एस४ईसीडी४ईडी असंही दिसू शकतं, तेही चालू असल्याचंच लक्षण.

जुना पीसी विकत घेत असाल तर एवढी तपासणी दुकानात उभ्या उभ्या होते. लाइव्ह पेनड्राइव्ह घेऊन जा, इन्स्टॉल न करता 'ट्राय' निवडा, डीएमआयडीकोड आणि डीमेसेज या दोन आज्ञा द्या. पाच-सात मिनिटांचं काम आहे. विकणारा त्यालाही नाही म्हणाला तर त्या मशिनसाठी ईसीसीचा भाव देऊ नका.

बायोसमध्ये काय बदलायचं

पट्टी, बोर्ड, प्रोसेसर तिन्ही ठीक आणि तरी 'डिसेबल्ड' येत असेल तर बायोस उघडा. रायझनच्या बोर्डांवर अॅडव्हान्स्ड, मग एएमडी सीबीएस, मग यूएमसी कॉमन ऑप्शन्स, अशा वाटेने ईसीसीचं कलम सापडतं. नाव प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं. 'ऑटो' असेल तर 'एनेबल्ड' करा, सेव्ह करा आणि पुन्हा डीमेसेज पाहा. कलमच नसेल तर बायोसची नवी आवृत्ती आली आहे का ते बघा. तुमच्या बोर्डाचं नाव आणि बायोसची आवृत्ती /सिस/क्लास/डीएमआय/आयडी या फोल्डरमधल्या बोर्ड_नेम आणि बायोस_व्हर्जन या फाइलींत मिळते, पेटी उघडायची गरज नाही.

दोन ईसीसी पट्ट्यांसोबत एखादी साधी पट्टी घुसवली असेल तर तीही काढा. एक साधी पट्टी सगळ्यांची ईसीसी बंद पाडते.

आणखी एक कलम लपून बसलेलं असतं, 'प्लॅटफॉर्म फर्स्ट एरर हँडलिंग'. ते चालू असेल तर मेमरीच्या चुका आधी बायोसकडे जातात आणि लिनक्सला कळतीलच असं नाही. ईसीसी काम करते, मोजणी मात्र शून्यावर बसून राहते. हे कलम दिसलं तर बंद करा.

चूक मुद्दाम घडवून पाहायची असेल तर

शून्य हा आकडा दोन अर्थांचा असतो: चुका नाहीत, किंवा चुका कळत नाहीत. दोन्हीतला फरक ओळखायचा तर चूक घडवावी लागते. हे काम जपून करायचं आहे, कारण चुकीचा डेटा डिस्कवर लिहिला गेला तर तुमच्याच फाइली खराब होतील. म्हणून आधी सगळ्या डिस्कच्या केबल काढा, बोर्डावरच बसवलेली एनव्हीएमई डिस्क असेल तर तीही काढून ठेवा, आणि पीसी फक्त लाइव्ह पेनड्राइव्हवर सुरू करा.

मग बायोसमध्ये रॅमचा वेग एक पायरी वाढवा, व्होल्टेज तेवढंच ठेवून. २६६६ ची पट्टी असेल तर २९३३, चुका आल्या नाहीत तर त्याच्या पुढची पायरी. पीसी सुरूच झाला नाही तर जरा मागे या. लागलीच भरपूर चुका नकोत, पीसी चालतोय पण अधूनमधून घसरतोय अशी जागा शोधायची आहे. ती सापडली की एका खिडकीत स्ट्रेसअॅपटेस्ट हे मेमरीवर ताण टाकणारं साधन चालवा:

स्ट्रेसअॅपटेस्ट -एस १८०० -एम १२०००

(या आज्ञेत पहिला एस लहान अक्षरात आणि एम मात्र मोठ्या अक्षरात.) १८०० म्हणजे सेकंद, अर्धा तास. १२००० म्हणजे मेगाबाइट, १६ जीबी रॅमसाठी ठीक. लाइव्ह सेशन स्वतःही रॅममध्येच राहतं, म्हणून सगळी रॅम मागू नका. दुसऱ्या खिडकीत सीई_काउंट पाहत राहा. आकडा वाढला आणि डीमेसेजमध्ये 'करेक्टेड एरर, नो अॅक्शन रिक्वायर्ड' आलं, तर पाचही कड्या शाबूत आहेत. स्ट्रेसअॅपटेस्टने स्वतः चुका दाखवल्या पण सीई_काउंट शून्यच राहिला, तर ईसीसी कागदावरच आहे. काम झालं की बायोस मूळ मांडणीवर आणा आणि त्यानंतरच डिस्क जोडा.

रोजच्या कामात

पीसी बंद केला की मोजणी पुन्हा शून्यावर येते. नोंद टिकवायची असेल तर रासडेमन ही चुका नोंदवत राहणारी सेवा बसवा (आर-ए-एस-डी-ए-ई-एम-ओ-एन):

सुडो एपीटी इन्स्टॉल रासडेमन
सुडो सिस्टिमसीटीएल एनेबल --नाऊ रासडेमन

यानंतर प्रत्येक चूक वेळेसह डेटाबेसमध्ये जाते. 'सुडो रास-एमसी-सीटीएल --समरी' म्हटलं की गोषवारा मिळतो, '--एरर्स' म्हटलं की एकेक नोंद. जुन्या लेखांत एमसीई-लॉग नावाचं साधन सुचवलेलं असतं. आजच्या रायझनवर त्याच्या वाटेला जाऊ नका.

वर्षभरात एखादी दुरुस्त झालेली चूक आली तर तारीख लिहून ठेवा आणि कामाला लागा. त्याच पट्टीवर दर दिवशी येऊ लागली तर पीसी बंद करून पट्टी काढा, सोनेरी पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, स्लॉटमधली धूळ फुंकणीने काढा आणि पट्ट्यांची अदलाबदल करा. चूक पट्टीबरोबर दुसऱ्या स्लॉटमध्ये गेली तर पट्टी वाईट, जागेवरच राहिली तर स्लॉट किंवा बोर्ड. डेस्कटॉपच्या बोर्डावर रासडेमन स्लॉटचं छापील नाव देत नाही, फक्त चॅनेलचा क्रमांक देतं, म्हणून ही अदलाबदल करावीच लागते. यूई_काउंट एकदाही वाढला तर वाट पाहू नका. ती पट्टी त्याच दिवशी बाहेर काढा आणि त्या काळात लिहिलेल्या फाइली बॅकअपशी ताडून पाहा.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की सगळा दोष उन्हावर टाकायचा मोह होतो. गूगलच्या त्याच अभ्यासात तापमानाचा परिणाम अपेक्षेपेक्षा बराच कमी निघाला होता. ज्या पट्टीत एकदा चूक झाली तिच्यातच पुन्हा होण्याची शक्यता मात्र खूप जास्त होती. म्हणून कूलर मागवण्याआधी पट्टी बदला.

बायोस अपडेट केला किंवा बोर्डावरचा सेल बदलला की सेटिंग मूळपदावर जाते आणि ईसीसीचं कलम पुन्हा 'ऑटो'वर येतं. त्या दिवशी पीसी सुरू झाल्यावर पहिलं काम डीमेसेजमधली एडॅकची ओळ पाहण्याचं.